कडेला कोण आहे?

भालेकर काकांनी मला पहिल्याच भेटीत खुर्चीवरून उठवलं. आम्ही अमेरिकेत, एडिसनला नुकतेच राहायला आलो होतो. मराठी मंडळाच्या हॉलवर महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी सिनेमा असतो असं कळलं, म्हणून गेले आणि पहिली रिकामी दिसली त्या खुर्चीवर बसले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले, खिशात मोजायची टेप असलेले एक उंच गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"इथून डावी कड नीट दिसत नाही. मधे बसा."

"मला चालेल हो," मी म्हटलं.

"तुम्हाला चालेल. तिला चालत नाही."

तिला म्हणजे डाव्या कडेला. मी मनातल्या मनात चरफडले, पण उठले. पुढच्या अकरा वर्षांत मी मंडळाची सेक्रेटरी झाले, चार अध्यक्ष पाहिले, दोघांशी कडाक्याचं भांडले. पण त्या हॉलमध्ये काकांना न विचारता कुठल्या खुर्चीवर बसायची माझी हिंमत झाली नाही.

आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. गालिचे टांगायला लागायची म्हणून एक भिंत चांगली चोवीस फूट लांब, खिडकी नाही, दार नाही. बाकी सगळ्यांना ती भिंत भकास वाटायची. लोक मंडळात ओळखी व्हाव्यात म्हणून येतात, काका त्या भिंतीसाठी आले. त्यांनी तिला स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. मग ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या दुकानातून काळी मखमल आणली. "कितने ब्लाउज बनाने हैं?" असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा काकांनी भिंतीची उंची सांगितली. सुमनकाकूंनी त्या मखमलीचे दोन लांब पडदे शिवून दिले आणि वर हेही सांगून टाकलं की यापुढे घरात सिनेमाचं एक अक्षर काढायचं नाही. काकांनी ते कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी मोडलं.

तिसऱ्या शनिवारी दुपारी दोनला दार बंद व्हायचं. बटाटेवडे आधी खायचे, आत आणायचे नाहीत. फोन दाराशी ठेवलेल्या रोवळीत टाकायचे. ती खरोखरची तांदूळ धुवायची रोवळी होती आणि तिच्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या डायरेक्टरांचे फोन मुकाट्याने पडलेले असायचे. मग काका भिंतीशी जाऊन वर-खाली, डावी-उजवीकडे बोट लावून बघायचे. याला ते "आधी चार कोपरे" म्हणायचे. सुरुवातीला मखमलीचे पडदे जवळजवळ असायचे आणि मधल्या चौकोनी जागेत प्रोजेक्टरवरून पाच मिनिटांचं काहीतरी जुनं दाखवलं जायचं, एखादं बंदर, नाहीतर बर्फातली आगगाडी. ते संपलं की काका दोरी ओढायचे. पडदे दोन बाजूंना सरकायला लागायचे आणि त्यांच्यामागून वाळवंट पसरत जायचं, पसरतच जायचं. आता थांबेल असं वाटायचं आणि ते थांबायचं नाही. केवळ वड्यांसाठी आलेली माणसंही त्या वेळी गप्प व्हायची.

सिनेमे एकाच जातीचे. हॉलिवुडचे जुने, ऐसपैस, साहसाचे. समुद्र, किल्ले, हजार-हजार घोडे, तलवारी आणि मध्यंतरात ढोल. कुठला सिनेमा आहे हे काका आधी सांगायचे नाहीत. "नाव काय विचारता, रुंदी विचारा," म्हणायचे. नटांनाही त्यांनी घरगुती नावं दिली होती. एक जबडा, एक भुवई, आणि प्रत्येक सिनेमात निदान एकदा बेशुद्ध पडणारी एक राणीसरकार. "जबड्याने हा कडा स्वतः चढलेला आहे, डमी घेतलेला नाही," हे ते असं सांगायचे की जणू खाली दोर धरून तेच उभे होते. भुवई त्यांना फारशी पसंत नव्हती. "दिसायला देखणा आहे, पण घोड्यावर बसलाय की दिवाणावर तेच कळत नाही."

हे वेड आलं होतं पुण्याच्या कॅम्पातल्या एका इंग्रजी टॉकीजमधून. काका तिथे विशी-पंचविशीत ऑपरेटर होते. रुंद सिनेमा फिल्मवर आडवा दाबून बसवलेला असायचा आणि एका खास भिंगातून तो पडद्यावर पुन्हा पसरायचा. आधी साध्या भिंगाने बातम्या दाखवायच्या, मग भिंग बदलायचं आणि मुख्य सिनेमा सुरू करायचा, असा रोजचा क्रम. एके दिवशी काका भिंग बदलायला विसरले. जबडा पडद्यावर आला तो बांबूसारखा उंच आणि बारीक. घोड्यांचे जिराफ झाले. काकांना पूर्ण एक रीळ, म्हणजे दहा मिनिटं, याचा पत्ता नव्हता, कारण ते केबिनमध्ये दुसऱ्या मशिनवरचं पुढचं रीळ ओवत होते. शेवटी केबिनचं दार वाजलं. बाल्कनीतले एक म्हातारे पारशी बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "दीकरा, घोडा आजारी हाय काय?"

ही गोष्ट काका रंगवून सांगायचे आणि आम्ही हसायचो. पण एकदा हसणं संपल्यावर ते म्हणाले, "सहाशे माणसं बसली होती, मेधा. पाचशे नव्व्याण्णवांनी ते गोड मानून घेतलं. मी चुकलो त्याचं मला काही नाही. पण माणसं काहीही चालवून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं." तेव्हापासून त्यांनी काहीच चालवून घ्यायचं नाही असं ठरवलं असावं, आणि ते त्यांनी निभावलं. त्याचा त्रास आम्हाला पुष्कळ झाला.

बहिणीने बोलावलं म्हणून काका चाळिशीत अमेरिकेत आले, काही वर्षं एका गोदामात खोकी उचलली, मग मॉलमधल्या थिएटरात पुन्हा ऑपरेटर झाले. ते दिवस घरी कॅसेट आणून सिनेमा बघायचे होते. काकांनी त्यांच्या लाडक्या सिनेमाची कॅसेट भाड्याने आणली. टीव्ही चौकोनी, सिनेमा रुंद, म्हणून कॅसेटवाल्यांनी दोन्ही बाजू सरळ छाटून टाकलेल्या. तंबूत दोन माणसं बोलताहेत असा प्रसंग होता, त्यातला एक दिसत होता आणि दुसऱ्याचं नुसतं नाक. काका तसेच उठून दुकानात गेले आणि काउंटरवरच्या पोराला म्हणाले, "व्हेअर इज द अदर मॅन?" त्या पोराला वाटलं, म्हाताऱ्याबरोबरचं कोणीतरी हरवलं. त्याने बिचाऱ्याने पार्किंग लॉटमध्ये जाऊन शोध घेतला. काका मात्र ठाम. मी दोन माणसांचे पैसे दिलेत, मला एक मिळालाय. शेवटी मालकाने पैसे परत दिले आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. पुढे थिएटरात डिजिटल आलं, ऑपरेटर नकोसे झाले, काकांना घरी पाठवलं. तर हे तिकीट काढून तिथेच जायचे आणि चित्र कोपऱ्यात सांडलंय म्हणून बाहेर येऊन तक्रार करायचे. मॅनेजर त्यांना लांबून बघून स्टाफरूममध्ये जाऊन बसत असे.

माझी मुलगी इरा कॉलेजातून सुट्टीला आली असताना एकदा माझ्याबरोबर शोला आली. मध्यंतरात ती तावातावाने उठली. पडद्यावर भुवईला तपकिरी रंग फासून आपल्याकडचा राजा केलेलं होतं.

"काका, धिस इज सो रेसिस्ट. त्याला ब्राउन पेंट केलंय. हाउ कॅन यू एन्जॉय धिस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूचे सगळे आपापल्या चहात बघू लागले.

"आहेच," काका म्हणाले. "रंग फासलाय आणि बोलतोयही बावळटासारखं. तू मधे कशाला बघतेस? मधे त्यांनी त्यांचा माणूस बसवलाय. कडेला बघ. कडेला कोण आहे? पाणी भरणारे, उंट हाकणारे, ओझी उचलणारे. ते खरे आहेत. त्यांना रंगवायला कोणाला वेळ नव्हता."

"बट दे डोन्ट इव्हन हॅव नेम्स."

"म्हणून तर मी कापू देत नाही."

मध्यंतरानंतर इरा माझ्या शेजारची खुर्ची सोडून पुढे जाऊन बसली. घरी येताना गाडीत म्हणाली, "ही इज स्टिल राँग, आई. बट ही इज नॉट राँग लाइक अदर पीपल." मला त्यातलं अर्धं कळलं, पण पोरगी पुढच्या सुट्टीत तिसऱ्या शनिवारची तारीख विचारून आली.

त्याच सिनेमात काकांचा एक खास माणूस होता. किल्ल्याच्या दारातून जबडा घोडा उधळत बाहेर पडतो, मागे आग, ढोल, आरडाओरडा, आणि त्या गोंधळात डाव्या कडेला एक म्हातारा पाण्याची कातडी पखाल घेऊन येतो. पखाल खाली ठेवतो, कपाळ पुसतो आणि क्षणभर सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. तेवढंच, मग तो परत दिसत नाही. हा काकांचा बाप आहे, शूटिंगवाले गावात आले होते तेव्हा घेतला होता, अशी मंडळात पक्की वदंता होती. कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला ती खरीच असायला हवी होती.

मग टीव्ही आला. मंडळाला एका दानशूर सभासदाने पंच्याऐंशी इंचांचा टीव्ही दिला. तो कुठे लावायचा, तर अर्थातच त्या भिंतीच्या मधोमध. मराठी शाळेची मुलं, झूमवरची व्याख्यानं, कॅराओके, सगळ्याची सोय होणार होती. ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि तो मला मनापासून योग्य वाटत होता.

बैठकीत आमचे अध्यक्ष शिरीष यांनी काकांची समजूत पटावी म्हणून काकांचाच सिनेमा टीव्हीवर लावून दाखवला. पडद्याच्या मधे एक बारीकशी पट्टी दिसू लागली, वर-खाली काळं.

"थांबा, हे झूम होतं," शिरीष म्हणाले आणि रिमोट दाबला. टीव्ही काठोकाठ भरला. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.

काका उठले. दाराजवळ आमच्या गणेशोत्सवाचा ग्रुप फोटो लावलेला आहे, साठ-सत्तर माणसांचा, चांगला लांबलचक. तो त्यांनी खिळ्यावरून काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्या समोरच्या दोन फायली उचलून त्याच्या दोन बाजूंवर ठेवल्या.

"आता काठोकाठ भरला. शिरीष, तुझी आई कुठे आहे बघ बरं."

शिरीष यांच्या आई डावीकडच्या फायलीखाली गेल्या होत्या. उजवीकडे मी होते. त्या दिवशी पार्किंग मिळेना म्हणून उशिरा पोचले होते आणि अगदी टोकाला उभी राहिले होते. माझ्याच फायलीखाली मी गेले. बैठकीत अशी पंचाईत झाली की मंडळ जे करतं ते केलं. पोटसमिती नेमली.

याच सुमारास काका खुर्च्यांना अडखळायला लागले होते. शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्याला त्यांनी दोनदा गाडी घासली. एकदा मी बाजूने नमस्कार केला तरी बघितलं नाही आणि मी चार दिवस फुगून बसले. मग काकूंचा फोन आला. "रागावू नकोस गं. काचबिंदू आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणे त्यांना. मधलं दिसतं, बाजूचं गेलं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. ज्या माणसाने जन्मभर कडा सांभाळल्या, त्याच्या नेमक्या कडाच गेल्या. याचा मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

त्यांचा मुलगा समीर रेडमंडहून आला. गाडीची किल्ली काढून घेतली आणि एक टॅबलेट हातात दिला. "बाबा, हा हातभर लांब धरलात की अख्खी फ्रेम तुम्हाला दिसते. डॉक्टरना विचारलंय मी." पोरगा चुकीचं बोलत नव्हता. मी तिथेच होते. काकांनी टॅबलेट लांब धरला, पाहिला आणि परत दिला.

"दिसतं की. अख्खं दिसतं."

"मग?"

"माझ्या डोळ्याएवढं चित्र नको मला. डोळा लहान झाला, सिनेमा झालेला नाही."

"अहो, पण बघणार कसं तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"मान आहे ना अजून."

पोटसमितीच्या बैठकीला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. शिरीष वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवशी बोलून गेले. "काका, स्पष्ट बोलतो, रागावू नका. आता तुम्हालाच कडा दिसत नाहीत. मग एवढा हट्ट कशासाठी?"

काकांनी आवाजाच्या दिशेने मान पूर्ण वळवली, शिरीषचा चेहरा त्यांच्या नळीत सापडेपर्यंत.

"मला दिसत नाहीत म्हणून तुमच्या कापायच्या?"

मग तेच म्हणाले, "ह्या शनिवारी सगळे या. सगळे म्हणजे सगळे. बघा, आणि मग लावा टीव्ही कुठे लावायचाय तो. मी दोरी तुमच्या हातात देईन."

शनिवारी त्यांना आणायला गेले तेव्हा काकूंनी माझ्याकडे डोळ्यांचे थेंब आणि सुक्या भेळेचा डबा दिला. वाटेत लाल दिव्याला थांबलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "काका, तो पखालवाला म्हातारा... तुमचे वडील ना?"

काका मोठ्याने हसले. "माझे वडील पोस्टात होते. पखाल त्यांना उचलवलीही नसती."

"मग कोण आहे तो तुमचा?"

"माझा कोणी नाही." हिरवा दिवा लागला, मागच्याने हॉर्न दिला तरी मी तशीच. "पण कोणाचा तरी असेल ना गं," काका म्हणाले. "चल, उशीर होतोय. दोनला दार बंद."

त्या दिवशी हॉल भरला. शिरीष आईला घेऊन आले. इरा प्रिन्स्टन जंक्शनवरून गाडी पकडून आली. काकांनी भिंतीशी जाऊन हाताने चाचपडत चारही कोपरे पाहिले आणि त्याला नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लावला. कोणी घड्याळ बघितलं नाही. दोरी त्यांनीच ओढली.

टीव्हीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. तो दाराशेजारच्या भिंतीला आहे, त्या ग्रुप फोटोच्या खाली. ठराव मीच नव्याने लिहिला आणि शिरीष यांनी तो मांडला. फेब्रुवारीत काका झोपेतच गेले, डोळ्यांनी नाही, हृदयाने. मखमलीचे पडदे काकूंनी परत नेले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आता दोरी ओढायची पाळी आम्ही वाटून घेतली आहे आणि दार बरोबर दोनला बंद होतं.

पण मला काका दिसतात ते त्या शनिवारचेच. मी मागच्या रांगेत होते. समोर चोवीस फुटांची भिंत उजळलेली आणि पहिल्या रांगेत मधोमध त्यांचं पांढरं डोकं. ते डोकं स्थिर नव्हतं. सावकाश डावीकडे जायचं, शेवटच्या कोपऱ्याला टेकायचं, मग पूर्ण उजवीकडे. पावणेतीन तास चाललं होतं ते, कुठेही घाई नाही, एकही कोपरा वगळलेला नाही. शेवटाकडे किल्ल्याचं दार फुटलं, आग भडकली, ढोल वाजायला लागले आणि जबडा घोडा उधळत बाहेर आला. अख्खा हॉल मधे बघत होता. काकांची मान मात्र आधीच डावीकडे वळून थांबली होती. तिथे अजून कोणीच नव्हतं, नुसती वाळू. मग मीही डावीकडे बघितलं.

म्हातारा आला. त्याने पखाल खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि सरळ समोर बघितलं. समोर काका होते.